प्राणवायूची शिदोरी

बेळगाव, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात प्रवासाला निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने कुणी जाऊ देत नाही. पोरगं पुण्याला शिकायला निघालं की दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एखादा लाडवांचा डबा पिशवीत जातोच. आम्हा जैन घरांत तर सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं असतं. गाडी वाटेत कुठे थांबेल याचा भरवसा नाही, म्हणून शिदोरी हवीच. आणि शिदोरी बांधणाऱ्या बाईला एक हिशेब चोख येत असतो : कुठला पदार्थ किती तास टिकतो. दशमी दोन दिवस, भाजी दुपारपर्यंत, दहीभात त्याच्याही आधी संपवायचा.

माणसाच्या शरीरातला अवयवही कधी कधी प्रवासाला निघतो. एकाच्या देहातून निघतो आणि दुसऱ्याच्या देहात जाऊन राहतो. मधली वाट कधी शेजारच्या खोलीइतकी, कधी दुसऱ्या शहराइतकी. त्या वाटेवर त्याला काय शिदोरी द्यायची, या प्रश्नाचा इतिहास मला इथे सांगायचा आहे. उत्तर एका शब्दाचं आहे, प्राणवायू. पण ते डॉक्टरांच्या हाती पक्कं लागायला दोनशे वर्षं गेली. त्यातही बरीच वर्षं ते उत्तर माहीत असून बाजूला पडलं होतं.

मी कला शाखेची पदवीधर, विज्ञान शाळेपुरतंच. या विषयाकडे मी वळले ते आमच्या महिला मंडळात आलेल्या एका प्रश्नामुळे. नेत्रदानाचे अर्ज भरून घेत होतो. आपल्या समाजात नेत्रदान नवीन नाही, बायका भराभर सह्या करत होत्या. तेवढ्यात एका काकूंनी विचारलं, "डोळे घरी येऊन नेतात. मग मूत्रपिंड का नाही नेत? तेवढ्यासाठी दवाखान्यातच मरायला लागतं म्हणे." सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणालाच येत नव्हतं. काकूंच्या या साध्या प्रश्नात सगळा इतिहास दडलेला आहे.

आपल्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला रक्तवाहिन्याच नाहीत. रक्त असतं तर आरपार दिसलं नसतं. हा पडदा आपला प्राणवायू थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून घेतो. म्हणून हृदय थांबल्यावरही तो सहा तासांपर्यंत घरी येऊन काढून नेता येतो. यामुळेच नेत्ररोपण सगळ्यांत आधी जमलं. 7 डिसेंबर 1905 रोजी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी ते यशस्वी केलं. माणसाचं हृदय बदलायला त्यानंतर 62 वर्षं लागली.

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचं तसं नाही. त्यांच्या प्रत्येक पेशीपर्यंत प्राणवायू पोचवणारं एकच वाहन आहे, ते म्हणजे रक्त. पेशीच्या भिंतीत बारीक बारीक पंप असतात. आत शिरलेला मिठाचा अंश ते सतत बाहेर उपसतात. पंपाला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला प्राणवायू. रक्त थांबलं की पंप थांबतो, मीठ आत साठतं, मिठामागून पाणी येतं आणि पेशी फुगते. पावसाळ्यात वीज जाऊन मोटार बंद पडावी आणि तळघर पाण्याने भरावं, तसंच. म्हणून हृदय बंद पडून घरी गेलेल्या माणसाचं मूत्रपिंड, डॉक्टर येईपर्यंत, कुणाच्या कामाचं राहत नाही.

हे गुपित पहिल्यांदा नेमक्या शब्दांत मांडणारा माणूस म्हणजे फ्रान्सचा ल गालवा. रक्ताचा पुरवठा अखंड चालू ठेवता आला, तर शरीराचा कुठलाही भाग वेगळा करूनही जिवंत ठेवता येईल, असं त्याने 1812 मध्ये लिहून ठेवलं. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती. करून दाखवायला त्याच्याजवळ साधन नव्हतं. पुढे 1902 मध्ये रुडोल्फ माग्नुस या जर्मन संशोधकाने एक अजब गोष्ट केली. शरीराबाहेर काढलेल्या प्राण्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतून त्याने रक्ताऐवजी नुसता प्राणवायू सोडला आणि ते हृदय धडधडत राहिलं. म्हणजे रक्ताची खरी मोठी कामगिरी कोणती, ते त्या एका प्रयोगाने कळलं. रक्त हे पोतं, आतला दाणा प्राणवायू.

पण अवयव काढून दुसरीकडे बसवायचा तर कापलेल्या रक्तवाहिन्या जोडता यायला हव्यात. ते जमवलं आलेक्सी कारेल यांनी, आणि इथे आपल्या बायकांची एक गोष्ट येते. 1894 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर लिओं शहरात सुरीहल्ला झाला. पोटातली मोठी शीर कापली गेली. ती शिवायची विद्या तेव्हा कुणाजवळच नव्हती, आणि ते दगावले. तरुण कारेल त्याच शहरात वैद्यकीय शिक्षण घेत होते. बारीक सुई आणि रेशमी धागा कसा चालवायचा, हे शिकायला ते गावातल्या एका निष्णात भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांचं नाव मादाम लरुदिए. त्या हातकौशल्यावर उभ्या राहिलेल्या कामासाठी कारेल यांना 1912 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. भरतकामाला रिकामपणाचा उद्योग म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

कारेल पुढे अमेरिकेत गेले. तिथे 1930 साली त्यांच्याकडे आला चार्ल्स लिंडबर्ग. 1927 मध्ये एकट्याने विमान चालवत न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलेला, जगभर गाजलेला वैमानिक. त्याच्या मेहुणीच्या हृदयाची झडप खराब झाली होती. हृदय थांबवून दुरुस्ती का करता येत नाही, असं तो डॉक्टरांना विचारत होता. तेवढा वेळ शरीराला रक्त कोण पुरवणार, असं उत्तर मिळालं. इंजिनाची जाण असलेला हा माणूस मग कारेल यांच्या प्रयोगशाळेत बसला आणि त्याने काचेचा एक पंप घडवला. त्यात जंतू शिरू शकत नव्हते, आणि पोषक द्रव नाडीसारखा ठोके देत, प्राणवायू मिसळलेल्या वायूच्या दाबाने अवयवातून फिरत होता. 1935 मध्ये मांजराची गळ्यातली ग्रंथी त्या पंपावर 18 दिवस जिवंत राहिली. मेहुणी मात्र त्याच्या आदल्या वर्षाच्या अखेरीस गेली होती.

इथे थोडं थांबायला हवं. मांजर म्हटल्यावर आपल्यातल्या पुष्कळजणींचा हात पुस्तकावरून मागे येईल. माझाही आला. पुढे कुत्र्यांवरही असेच प्रयोग झाले, अमेरिकेत झाले तसे मुंबईतही झाले. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघत चालायला आपण शिकलो, त्यांनी हे नजरेआड कसं करायचं? मी ते नजरेआड करत नाही. ज्या ज्ञानाचा आज उपयोग होतो त्याच्या पायाशी हे मुके जीव आहेत, एवढं स्मरण ठेवलं पाहिजे. यकृताच्या नव्या यंत्रांचे बरेच प्रयोग, प्रत्यारोपणाला नाकारल्या गेलेल्या माणसांच्याच यकृतांवर झाले आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. आणि कारेल यांच्याबद्दलही एक गोष्ट लपवू नये. दुबळ्या, 'नको असलेल्या' माणसांविषयीचे त्यांचे विचार भयंकर होते. हातात कला आली म्हणून हृदयात करुणा येतेच असं नाही.

काचेचा तो पंप कौतुकाचा विषय झाला आणि मागे पडला. कारण अवयव टिकवला तरी परका अवयव शरीर स्वीकारत नव्हतं. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं, ते जुळ्या भावांमध्ये. हुबेहूब जुळे, म्हणून शरीराने परकं मानलं नाही. दाता आणि रुग्ण एकाच इस्पितळात, त्यामुळे शिदोरीचाही प्रश्न नव्हता. अवयव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आपल्याकडे हे काम सुरू झालं मुंबईच्या केईएम रुग्णालयात. 1965 मध्ये तिथे मृत व्यक्तीचं मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला. 3 डिसेंबर 1967 रोजी डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत माणसाचं हृदय बदललं आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, केईएममध्येच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. डॉ. गुरुकुमार पारुळकर त्यांच्या चमूत होते. रुग्ण तीनेक तासच जगला. पण ज्या काळात मेंदूमृत्यूचा कायदा नव्हता आणि परका अवयव शरीराने नाकारू नये अशी चांगली औषधंही नव्हती, त्या काळात परळच्या महापालिकेच्या दवाखान्यात हे घडलं, याचा आपल्याला अभिमान हवा. भारतात पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला 3 ऑगस्ट 1994 उजाडला. ते दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं.

दरम्यान शिदोरीच्या प्रश्नावर दोन उत्तरं समोर आली होती. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डॉ. फोल्कर्ट बेल्झर यांनी मूत्रपिंडातून थंड द्रव सतत फिरवणारं यंत्र केलं. 1968 मध्ये माणसाचं मूत्रपिंड 17 तास त्यावर सांभाळून त्यांनी ते यशस्वीपणे बसवलं. पण यंत्र अवजड, सोबत माणसं लागत. लगेच 1969 मध्ये लॉस एंजलिसमधल्या जेफ्री कॉलिन्स यांनी एक द्रावण शोधलं. अवयव या द्रावणाने धुवायचा, त्यातच बुडवून पिशवीत बांधायचा आणि बर्फाच्या पेटीत ठेवायचा. मूत्रपिंड 30 तासांपर्यंत टिकू लागलं. यंत्र नको, वीज नको, तंत्रज्ञ नको. एक पेटी उचलली की झालं. 1980च्या दशकात बेल्झर यांनीच जेम्स साउथर्ड यांच्याबरोबर आणखी चांगलं द्रावण तयार केलं आणि यकृतही रात्रभर टिकू लागलं. स्वस्त आणि सुटसुटीत गोष्ट जिंकते, तशी बर्फाची पेटी जिंकली. पुढची कैक वर्षं जगभर तीच चालली. आपल्याकडे आजही मुख्यतः तीच चालते.

बर्फ काय करतो? गजरा ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवला की उद्यापर्यंत टवटवीत राहतो, पण कळीचं फूल व्हायचं थांबतं. थंडीत पेशीची भूक साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. पण भूक संपत नाही. प्राणवायू तर मुळीच मिळत नाही. म्हणजे बर्फ ही शिदोरी नव्हे, तो उपवास आहे. हृदयाला हा उपवास चार ते सहा तास झेपतो, फुप्फुसालाही तेवढाच. यकृताला आठ ते बारा, मूत्रपिंडाला चोवीस ते छत्तीस.

उपवास म्हटलं की पारणं आलंच, आणि खरी गोम तिथेच आहे. दशलक्षणात ज्यांनी दहा उपवास केले असतील, त्यांना पारण्याच्या दिवशी कुणी पुरणपोळी वाढत नाही. आधी मुगाचं पाणी, मग हलकंसं काही. उपाशी पोटावर एकदम भारी जेवण पडलं तर माणूस आजारी पडतो. अवयवाचंही नेमकं तसंच होतं. तासन् तास बर्फात उपाशी राहिलेल्या अवयवात नव्या शरीराचं गरम, प्राणवायूने भरलेलं रक्त एकदम शिरलं की पेशीच्या आतल्या ऊर्जेच्या भट्ट्या बिघडतात आणि जाळणारे घटक बाहेर टाकतात. प्राणवायूनेच जगायचं आणि प्राणवायूनेच भाजायचं, असा तो प्रकार. तरुण, धडधाकट दात्याचा अवयव यातून सावरतो. वयस्क दात्याचा, किंवा ज्याचं हृदय आधी थांबलं होतं अशा दात्याचा, सावरत नाही. म्हणून कितीतरी अवयव दान होऊनही वापरले जात नाहीत.

या अडचणीने डॉक्टरांना पुन्हा यंत्राकडे नेलं. 2009 मध्ये युरोपातला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. 336 मृत दात्यांची दोन्ही मूत्रपिंडं घेतली. एक बर्फात, दुसरं थंड द्रव फिरवणाऱ्या यंत्रावर. यंत्रावरची मूत्रपिंडं नव्या शरीरात लवकर कामाला लागली. मग प्रश्न आला की त्या द्रवात प्राणवायू घातला तर? 2020 मध्ये त्याचंही उत्तर आलं. बेल्जियम, नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये 50 वर्षांवरच्या, हृदय थांबून मृत्यू आलेल्या 106 दात्यांची मूत्रपिंडं घेतली. दोन्ही यंत्रावरच, पण एकाच्या द्रवात प्राणवायू आणि दुसऱ्याच्या नाही. एकाच आईची दोन लेकरं, एकाच्या डब्यात जेवण आणि दुसऱ्याच्या डब्यात नुसतं पाणी. वर्षभरात प्राणवायू मिळालेल्यांतली 3 टक्के मूत्रपिंडं निकामी झाली, न मिळालेल्यांतली 10 टक्के. ल गालवाचं 1812 मधलं वाक्य इतक्या वर्षांनी आकड्यांत उतरलं.

यकृताचंही तसंच. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने 156 रुग्णांवर झालेला अभ्यास 2021 मध्ये आला. यकृत बसवण्याआधी दोनच तास त्यातून थंड, प्राणवायू भरलेला द्रव फिरवला, तर पित्तनलिका अरुंद होण्याचा त्रास 18 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आला. दोनच तास! मुगाच्या पाण्याचं पारणं म्हणतात ते हेच.

दुसरी वाट आहे गरम यंत्राची. ऑक्सफर्डमधल्या डॉ. पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टंटिन कुसिओस यांनी केलेल्या यंत्रात यकृत शरीराच्याच तापमानाला राहतं, त्यातून प्राणवायू मिसळलेलं रक्त फिरतं आणि बाहेर असतानाही ते पित्त तयार करतं. 2013 मध्ये लंडनमध्ये त्यावर ठेवलेलं यकृत पहिल्यांदा रुग्णाला बसवलं. यात एक मोठी सोय आहे. अवयव चालतोय की नाही, ते बसवायच्या आधीच दिसतं. आपण भाजीवाल्याकडे टरबूज वाजवून बघतो, तसं डॉक्टरांना यकृत वाजवून बघता येतं. 2014 मध्ये सिडनीत तर थांबलेलं हृदय अशाच यंत्रावर पुन्हा धडधडतं करून रुग्णाला बसवलं गेलं. झ्युरिकमध्ये एक यकृत तीन दिवस यंत्रावर सांभाळून, दुरुस्त करून मग वापरलं.

आता आपल्या वाटेवर येऊ. 3 ऑगस्ट 2015 रोजी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून एक हृदय विमानाने मुंबईला आणि तिथून मोकळ्या केलेल्या रस्त्याने मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पोचलं. डॉ. अन्वय मुळे यांनी ते बसवलं. सेन यांच्या प्रयत्नानंतर 47 वर्षांनी मुंबईत पुन्हा हृदय बदललं गेलं, आणि या वेळी ते टिकलं. आपल्या बेळगावातही केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात हृदय प्रत्यारोपण झालं आहे. 2022 मध्ये धारवाडहून हृदय घेऊन रुग्णवाहिका महामार्गाने बेळगावला आली, पोलिसांनी सगळी वाहतूक थांबवून वाट दिली. तो रस्ता साधारण 80 किलोमीटरचा. इतकी घाई का, हे आता वेगळं सांगायला नको. प्राणवायूची शिदोरी नसलेल्या हृदयाला चार-सहा तासांतच घर गाठायचं असतं. ग्रीन कॉरिडॉर म्हणतात तो उपाशी अवयवासाठी मोकळा केलेला रस्ता.

नवी यंत्रं फार महाग आहेत. आपल्याकडे ती सगळीकडे यायला वेळ लागेल. मग या इतिहासाचं आपण बायकांनी काय करायचं? दोन गोष्टी मला दिसतात.

पहिली गोष्ट त्या शेजारच्या टेबलाची. शिदोरीविना भागतं असा एकच मार्ग आहे, जिवंत दाता. आणि आपल्या देशात तो दाता बहुतेक वेळा 'ती' असते. 2019 च्या आकडेवारीवर झालेल्या एका अभ्यासात जिवंत दात्यांपैकी सुमारे 80 टक्के स्त्रिया होत्या, मुख्यतः बायको किंवा आई. उलट बाजूला बघा. सरकारी नोंदींप्रमाणे 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 प्रत्यारोपणं झाली, त्यांत 29 हजारांहून अधिक पुरुषांसाठी आणि फक्त 6,945 स्त्रियांसाठी. आमच्या नात्यातल्या एका वैनींनी नवऱ्याला मूत्रपिंड दिलं. आनंदाने दिलं, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" असं मी म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? दुसरं कोण देणार होतं?" या 'दुसरं कोण'चं उत्तर आहे मृत्यूनंतरचं दान. मृत दात्याचा अवयव वाया न जाता टिकला, वयस्क दात्याचाही कामी आला, तर तेवढ्या बायकांना टेबलावर झोपावं लागणार नाही. प्राणवायूचं यंत्र हा मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचा विषय वाटतो. मला तो आपल्या स्वयंपाकघराइतका जवळचा वाटतो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट काकूंच्या प्रश्नाची. दवाखान्यातच का? कारण अपघातात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन जेव्हा मेंदूचं मूळच मरतं, तेव्हा माणूस परत येत नाही. पण श्वासाचं यंत्र छातीत हवा भरत असतं, म्हणून हृदयाला काही काळ प्राणवायू मिळत राहतो आणि ते धडधडतं. आपण अतिदक्षता विभागात हात लावून बघतो, अंग गरम लागतं. मन म्हणतं, जीव आहे. पण ती ऊब यंत्राने दिलेल्या प्राणवायूची आहे. काचेच्या पंपावरची ती ग्रंथीही 18 दिवस जिवंत होती, म्हणून मांजर जिवंत होतं असं कुणी म्हणत नाही. आपल्या शास्त्रात प्राण दहा सांगितले आहेत : पाच इंद्रियं, मन-वचन-काय ही तीन बळं, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. त्यांतला एकटा श्वास यंत्राने चालवला, म्हणून बाकीचे नऊ परत येत नाहीत, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं आहे.

कायदाही इथे घाई करत नाही. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ तपासणी करतं, आणि किमान सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा होते. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच आला तरच मेंदूमृत्यू मानतात, आणि त्यानंतरही घरच्यांच्या होकाराशिवाय काही होत नाही. कर्नाटकात जीवसार्थकते ही सरकारी संस्था पुढची व्यवस्था बघते, पलीकडे महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या. हे सगळं चालू असतं तेव्हा अवयवांची शिदोरी श्वासाच्या यंत्रावर असते आणि ती कायमची पुरत नाही. म्हणून त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात पहिल्यांदा चर्चा करायला बसणं परवडत नाही. ती चर्चा घरी, जेवताना, सगळे धडधाकट असताना झालेली बरी. नवऱ्याला सांगावं, मुलांना सांगावं, सासूबाईंचंही मत विचारावं. कुणी नको म्हटलं तर त्याचाही मान ठेवावा. दान मागून घेता येतं, पण लादता येत नाही.

दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दुसऱ्या दिवशी उत्तम आकिंचन्य येतं. आधी दे, मग ओळख की ते तुझं नव्हतंच. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दानं आपण लहानपणापासून पाठ करत आलो. कुणाच्या तरी बायकोला, कुणाच्या तरी आईला टेबलावर झोपण्यावाचून गत्यंतर नाही ही भीती ज्या दानाने टळते, ते चारांतलं कुठलं, हे मैत्रिणींनो, तुम्हीच ठरवा. मी ते अभयदानात धरते.